इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर बदलायचेत, सुरुवात कुठून करू?

जवारी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे नव्वदच्या दशकातली एक हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक जोडी आहे, वर उभं पॅनल (चार्ज केलेला पातळ पडदा हलवून आवाज काढणारं) आणि खाली दहा इंची वूफर, क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे आणि वरचे सूर या दोघांत वाटणारी जोडणी, साधारण २५० हर्ट्झला. पुण्यात एका ओळखीच्या काकांकडून सेकंडहँड घेतली, त्यांनी जिवापाड जपलेली होती. तानपुरा आणि गळा या पॅनलवर जसा ऐकू येतो तसा मी दुसऱ्या कुठल्याच स्पीकरवर ऐकलेला नाही, किशोरीताईंचा मंद्रातला स्वर तर खोलीत उभा राहतो, त्यामुळे या जोडीला सोडायचं नाही हे नक्की.

आता मुद्दा. मागचं झाकण उघडलं तर पॅनलच्या वाटेवर सिरीजमध्ये १०० मायक्रोफॅरडचा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक आहे, मग १ ओहमचा सिमेंट रेझिस्टर आणि मग स्टेपअप ट्रान्सफॉर्मर. वूफरकडे ४ मिलिहेन्रीची लोखंडी गाभ्याची कॉईल आणि समांतर १५० मायक्रोफॅरडचा तसलाच इलेक्ट्रोलिटिक. हे सगळं तीस वर्षं जुनं. डावा स्पीकर थोडा दबलेला वाटतो, विशेषतः वरच्या पट्टीत. विचार असा आहे की सगळे कपॅसिटर चांगले फिल्मवाले टाकावेत, कॉईल एअरकोअर कराव्यात, आणि तो सिमेंटचा रेझिस्टर काढूनच टाकावा कारण तो आवाज अडवतोय असं एका ठिकाणी वाचलं. बजेट आहे पण उधळायचं नाहीये. अनुभवी लोकांनी सांगा.

खमाज
अभिनंदन, फार सुंदर वस्तू हाताला लागलीये तुमच्या. मी माझ्या जोडीत इम्पोर्टेड पॉलिप्रॉपिलीन टाकलेत आणि फरक स्पष्ट ऐकू येतो, सतारीच्या तरफा सुट्या सुट्या होतात. माझं मत विचाराल तर पॅनलच्या सिरीजमधला कपॅसिटर हा सगळ्यात महत्त्वाचा, तिथे हात आखडू नका. पॅनलला जाणारा प्रत्येक सूर त्याच्यातूनच जातो.

शून्यडीबी
@खमाज ताई, फरक ऐकू आला यावर माझा विश्वास आहे, पण तो कशामुळे आला हे बघायला पाहिजे. जुना इलेक्ट्रोलिटिक काढून नवीन काहीही टाकलं तरी फरक पडणारच कारण जुना वाळलेला असतो. जवारी, बदलायच्या आधी मोजा. एलसीआर मीटर मिळतोय का कुठे? कपॅसिटन्स आणि ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) दोन्ही लिहा इथे, डाव्या उजव्याचे वेगवेगळे. आणि डावा दबलेला म्हणजे नक्की किती आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला? मोजायचा माइक नसेल तर फोनवरचं आरटीए (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज ते दाखवणारं) ॲपही डाव्या-उजव्याची तुलना करायला पुरतं, फक्त फोन दोन्ही वेळेला त्याच जागी ठेवा.

तांब्याची तार
मी ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगच्या धंद्यात आयुष्य काढलंय आणि इलेक्ट्रोस्टॅटिकची दुरुस्ती पण करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागेल पण झाकण उघडायच्या आधी वाचाच.

पहिलं म्हणजे सुरक्षा. या स्पीकरचा प्लग भिंतीत असतो आणि आत काही हजार व्होल्टचा बायस, म्हणजे पॅनलला चार्ज ठेवणारा डीसी व्होल्टेज, असतो. करंट अगदी कमी असतो कारण मेगाओहममधले रेझिस्टर सिरीजमध्ये असतात, पण प्लग काढल्यावर पॅनलवरचा चार्ज तासन्‌तास टिकतो. प्लग काढून रात्रभर ठेवा, मग मोठ्या किमतीच्या रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मगच हात घाला. आणि त्याहून घातक गोष्ट लोक विसरतात, गाणं चालू असताना ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला ऑडिओचेच हजारो व्होल्ट असतात आणि त्याच्यामागे अख्ख्या ॲम्पची ताकद असते. झाकण उघडं ठेवून गाणं लावून बघणं, हे अजिबात नाही.

दुसरं, हा क्रॉसओव्हर साध्या कोन स्पीकरच्या क्रॉसओव्हरसारखा धरू नका. पॅनल हा स्वतःच एक कपॅसिटर आहे. समजा पॅनल ५०० पिकोफॅरडचं आणि ट्रान्सफॉर्मर १ ला ८० चा, तर प्रायमरीकडून बघताना ती कपॅसिटन्स रेशोच्या वर्गाने वाढलेली दिसते, म्हणजे ६४०० पट, ३.२ मायक्रोफॅरड. आता २० किलोहर्ट्झला याचा इम्पीडन्स काढा, साधारण अडीच ओहम येतो. म्हणजे वरच्या टोकाला ॲम्पला अडीच ओहमचा आणि तोही कपॅसिटिव्ह लोड. अशा ठिकाणी तुमचा तो १ ओहमचा सिमेंट रेझिस्टर फालतू नाही. ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्स समजा १५ मायक्रोहेन्री असेल तर तो आणि हे ३.२ मायक्रोफॅरड मिळून २३ किलोहर्ट्झच्या आसपास रेझोनन्स करतात, आणि त्या शिखराला दाबून ठेवायचं काम हा रेझिस्टर करतो. काढलात तर टिपेला कर्कश चढ येईल, ॲम्प तापेल, आणि काही ॲम्प तर ऑसिलेट होऊन जळतील. बदलायचाच असेल तर त्याच किमतीचा, नॉन-इंडक्टिव्ह, १० वॉट किंवा वरचा टाका. किंमत बदलू नका. १ चा २ केलात तर वरचं टोक दीडेक डीबीने खाली येतं, म्हणजे तो आवाज ठरवणारा भाग आहे.

तिसरं, तो १०० मायक्रोफॅरडचा सिरीज कपॅसिटर फक्त सूर वाटायला नाहीये. तो ट्रान्सफॉर्मरला खालच्या फ्रिक्वेन्सीपासून वाचवतो. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की त्याच व्होल्टेजला गाभ्यातला फ्लक्स दुप्पट होतो. कोणी म्हणालं मोठा कपॅसिटर टाका म्हणजे पॅनलचा आवाज भरदार होईल, तर ऐकू नका. गाभा सॅच्युरेट झाला (त्यात अजून फ्लक्स मावेना) की प्रायमरी म्हणजे नुसती तांब्याची तार उरते आणि ॲम्पला जवळपास शॉर्ट दिसतो.

जवारी
तांब्याची तार काका, मनापासून आभार. रेझिस्टर राहणार. मोजणी करून लिहितो.

कोकणकडा
रत्नागिरीहून. माझ्याकडे पण पॅनलवाले आहेत. कपॅसिटरच्या मागे लागायच्या आधी पॅनल आणि बायस तपासा असं सांगेन. आमच्याकडे पावसाळ्यात हवेत एवढा ओलावा असतो की पॅनलवरच्या धुळीतून चार्ज गळायला लागतो, आणि बायसच्या मागे मोठे रेझिस्टर असल्यामुळे ती गळती भरून निघत नाही. आवाज हळूहळू खाली जातो, मधूनच टिक टिक येतं. लोक ॲम्प बदलतात, वायर बदलतात आणि बिचारं पॅनल धुळीने भरलेलं असतं. प्लग काढून, चार्ज उतरल्यावर मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने पुढून मागून साफ करा, जून ते सप्टेंबर खोलीत डिह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड ठेवा.

शून्यडीबी
+१. आणि एक सोपी चाचणी, दोन्ही स्पीकरची जागाच अदलाबदल करा. हे डायपोल असतात, म्हणजे पुढून आणि मागून दोन्हीकडे आवाज सोडतात, त्यामुळे मागची भिंत आणि कोपरा यांचा परिणाम कोन स्पीकरपेक्षा जास्त होतो. दबलेपणा स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकरचा दोष, जागेवरच राहिला तर खोलीचा.

जवारी
मोजलं. जागा बदलून बघितली, दोष स्पीकरबरोबर सरकतो. बायवायर टर्मिनल (पॅनल आणि वूफरला वेगवेगळी) आहेत म्हणून वूफर सोडवून फक्त पॅनलला पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला चाचणीचा खरखराट) दिला, डावं पॅनल उजव्यापेक्षा ५०० हर्ट्झपासून वर सगळीकडे जवळपास ४ डीबीने खाली आहे, आणि १० किलोहर्ट्झच्या वर अजून एखादा डीबी.

कपॅसिटरची एक टोकं सोडवून मोजली. उजवा १०३ मायक्रोफॅरड, ईएसआर ०.३ ओहम. डावा ८८ आणि ईएसआर १.१. वूफरवाले दोन्ही १५० च्या आसपास, ईएसआर ०.३ च्या आत. म्हणजे डावा पॅनल कपॅसिटर गेलेला आहे ना? हाच बदलला की झालं का?

तांब्याची तार
गेलेला आहे, पण तुमच्या ४ डीबीचा गुन्हेगार तो नाही. नीट बघा. १०० चा ८८ झाला तर फरक क्रॉसओव्हरच्या आसपास पडेल, २५० हर्ट्झच्या परिसरात. ईएसआर ०.३ चा १.१ झाला तर ते म्हणजे सिरीज रेझिस्टर ०.८ ओहमने वाढल्यासारखं, त्याचा परिणाम जिथे पॅनलचा इम्पीडन्स अगदी कमी आहे तिथेच दिसणार, म्हणजे सगळ्यात वर, साधारण १ डीबी. तुम्ही १० किलोहर्ट्झच्या वर लिहिलेला तो एखादा डीबी हाच. पण ५०० पासून वर सरसकट ४ डीबी कमी, हे कपॅसिटर करू शकत नाही.

इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये आवाजाची पातळी बायस व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात असते. बायस निम्मा झाला की आवाज ६ डीबी खाली. ४ डीबी म्हणजे बायस मूळच्या ६३ टक्क्यांवर आलाय. एक तर डाव्याची बायस सप्लाय थकलीये किंवा पॅनल गळतंय. तुमच्यात बायसचा बोर्ड वेगळा काढता येत असेल तर चार्ज उतरवून डाव्याचा उजव्याला लावा. दोष बोर्डाबरोबर गेला तर बोर्ड, नाही गेला तर पॅनल.

आणि साध्या मल्टीमीटरने बायस मोजायला जाऊ नका. धोका तर आहेच, वर त्याचा इनपुट १० मेगाओहमचा, तो लावल्यावर बायस खाली बसतो आणि आकडा खोटा येतो. गिगाओहमचा हाय व्होल्टेज प्रोबसुद्धा थोडा कमीच दाखवतो, म्हणून तुलना करायची ती डाव्या-उजव्याची.

एडिसनकर
न्यू जर्सीहून राम राम. मी इथे क्वाड या इंग्लिश कंपनीचे ५७ वाले, वूफर नसलेले पूर्ण इलेक्ट्रोस्टॅटिक, वापरतो. थोडं अवांतर पण उपयोगी पडेल. क्वाडचा संस्थापक पीटर वॉकरने हंटिंग्डनला १९५७ साली हे काढले तेव्हा आतल्या रचनेत मधे ट्रेबलची पट्टी आणि दोन्ही बाजूंना बेस पॅनल, आणि त्यांचे बायसही वेगळे, ट्रेबलला दीड किलोव्होल्ट आणि बेसला ६. वूफरच नसल्यामुळे आपल्या ओळखीचा क्रॉसओव्हर बोर्ड असा नाहीच, वाटणी ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या पुढच्या आरसी जोडणीतच होते. १९८१ साली आलेल्या ६३ मध्ये तर पॅनलवर एककेंद्री कड्या आणि त्यांना कॉईलची डिले लाइन (बाहेरच्या कड्यांना सिग्नल थोडा उशिरा पोचवणारी), म्हणजे तिथे कॉईल बदलणं म्हणजे स्पीकरचं डिझाइनच मोडणं. तिथेही जुन्या जोड्यांचा आवाज बसला की जाणकार सगळ्यात आधी बायसचा मल्टिप्लायर (व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवणारे डायोड आणि कपॅसिटर) तपासतात. सांगायचं इतकंच की हायब्रिडमध्ये कपॅसिटर डोळ्यासमोर दिसतो म्हणून सगळे त्याच्याकडे धावतात.

जवारी, एक विचारायचं राहिलं, तुमची जोडी भारतातच विकलेली आहे की अमेरिकेतून आलेली? १२० व्होल्टची असेल तर २३० चे १२० करणारा मधला ट्रान्सफॉर्मर नीट आउटपुट देतोय का तेही बघा, बायस मेन्सच्या प्रमाणात वर-खाली होतो.

जवारी
२३० व्होल्टवालीच आहे, मागे पट्टीवर लिहिलंय. बोर्ड स्क्रू आणि प्लगने निघतो. या रविवारी अदलाबदल करतो.

खमाज
हे वाचून मला माझी जोडी पण मोजावीशी वाटतेय, खरंच. पण शून्यडीबी, एक प्रश्न. मी १०० च्या फिल्म कपॅसिटरवर ०.१ मायक्रोफॅरडचा भारी बायपास (समांतर छोटा कपॅसिटर) लावलाय, त्याचा उपयोग नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?

शून्यडीबी
ताई, गणित सांगतो आणि तुम्हीच ठरवा. २० किलोहर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरडचा इम्पीडन्स जवळपास ८० ओहम. मुख्य फिल्म कपॅसिटरची तिथली वाट एका ओहमच्या दहाव्या भागाइतकीसुद्धा नाही. सिग्नल ८० ओहमच्या वाटेने कशाला जाईल? मुख्य कपॅसिटर जुना इलेक्ट्रोलिटिक असता तर थोडातरी अर्थ होता. तुम्हाला ऐकूनच बघायचं असेल तर एकाच स्पीकरचा बायपास काढा, दोन्हीला मोनो सिग्नल द्या, आणि घरातल्या कोणालातरी बॅलन्स फिरवायला सांगून डोळे मिटून ऐका. कान खोटं बोलत नाहीत, फक्त पातळी समान पाहिजे. अर्ध्या डीबीने मोठा असलेला नेहमीच जास्त स्वच्छ वाटतो.

खमाज
पटतंय. करून बघते.

जवारी
अपडेट. रात्रभर प्लग काढून ठेवले, डिस्चार्ज केला, बायस बोर्ड अदलाबदल केले. काका, दोष बोर्डाबरोबर गेला! आता उजवं पॅनल ४ डीबी खाली आणि डावं व्यवस्थित. म्हणजे पॅनल ठणठणीत आहे. बोर्ड जवळून बघितला तर मल्टिप्लायरच्या डायोड आणि चकती कपॅसिटरच्या मधल्या जागेत काळपट चिकट थर बसलेला, एका सोल्डरच्या टोकाभोवती तर तपकिरी कडं उमटलंय, टॉर्च तिरपा धरल्यावर त्या कड्यापासून शेजारच्या टोकापर्यंत गेलेली केसासारखी बारीक रेघ दिसते.

तांब्याची तार
ती रेघ म्हणजेच गळतीची वाट. हाय व्होल्टेज धूळ ओढतं, त्यावर ओलावा बसतो, आणि मग त्या थरातून चार्ज सरपटत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड धुवा, पूर्ण वाळू द्या. रेघ जिथे जळून कोळसा झालीये तिथे नुसतं धुऊन भागणार नाही, ती खरवडून काढा, कोळसा विजेचा वाहक असतो. मल्टिप्लायरचे डायोड आणि कपॅसिटर सगळेच बदला, एकेक शोधत बसू नका, स्वस्त असतात. कपॅसिटरचं व्होल्टेज रेटिंग मूळचं किंवा त्याच्या वरचं. सोल्डरला टोकदार काटे राहू देऊ नका, गोल थेंब ठेवा, काट्यातून कोरोना (हवेत होणारी विजेची गळती) सुटतो. शेवटी हाय व्होल्टेज वार्निशचा हात मारा. पुण्याच्या तपकीर गल्लीत नाही मिळालं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळेल, मोटर रीवाइंडिंगवाल्यांकडे पण वार्निश असतं.

जवारी
झालं! दोन्ही पॅनल आता अर्ध्या डीबीच्या आत आलीयेत, फक्त वरच्या टोकाला डावं अजून किंचित खाली, ते त्या ईएसआरवाल्या कपॅसिटरचं असणार. आवाज मध्यावर येऊन बसला, गायकाची जागा आता हलत नाही. आता कपॅसिटर. १०० मायक्रोफॅरडचे इम्पोर्टेड फिल्म बघितले तर कस्टमसकट किमती डोळे फिरवतात. काही पर्याय?

कोकणकडा
एसीचा रन कंडेन्सर (मोटर चालू असेपर्यंत जोडलेला राहणारा कपॅसिटर). मी तेच लावलेत. मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनच असतं आत, ४४० व्होल्ट एसी, टॉलरन्स ५ टक्के, ५० एमएफडीचे (म्हणजे मायक्रोफॅरडचे) दोन समांतर लावले की १००. एसी दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात काही शे रुपयांत. पण एक लक्षात ठेवा, दुकानदाराला रन म्हणूनच सांगा. पाण्याच्या पंपाचा स्टार्ट कंडेन्सर पण दिसायला तसाच डबा असतो आणि त्यावर पण १००-१२० लिहिलेलं असतं, तो आतून इलेक्ट्रोलिटिक, काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेला. तो नको.

तांब्याची तार
कोकणकडाचं बरोबर आहे, इमानदार माल आहे तो. चार-सहा आणा, मोजा, आणि डाव्या-उजव्याच्या जोड्या अशा लावा की बेरीज एक टक्क्याच्या आत जुळेल. किमतीपेक्षा हे जुळणं कानाला जास्त कळतं.

आता एक बारीक गोष्ट जी नव्वद टक्के लोक सोडून देतात. मूळ डिझाइनमध्ये इलेक्ट्रोलिटिकचा ०.३ ओहम ईएसआर धरलेला आहे, तुमच्या उजव्याने तो दाखवलाच. फिल्मचा ईएसआर नगण्य. म्हणजे फिल्म टाकल्यावर सिरीज रेझिस्टन्स १.३ चा १ ओहम होईल, टिपेचा भाग थोडा चढेल आणि ॲम्पला लोड अजून अवघड होईल. म्हणून फिल्मच्या सिरीजमध्ये ०.३३ ओहमचा ५ वॉट वायरवाउंड टाका. बरेच लोक फिल्म लावून म्हणतात आवाज उघडला, आणि महिन्याभराने म्हणतात की कान थकतात, ते याच्यामुळे. आधी रेझिस्टरसकट ऐका, मग हवं तर शॉर्ट करून ऐका.

वूफरची कॉईल मात्र जशी आहे तशीच ठेवा. लोखंडी गाभ्याच्या ४ मिलिहेन्रीचा डीसी रेझिस्टन्स ०.२ च्या आसपास असतो. साधी एअरकोअर घ्याल तर ०.७ होईल. ४ ओहमच्या वूफरला याचा अर्थ जवळपास १ डीबी बेस कमी आणि डँपिंग (वूफरवरचा ॲम्पचा ताबा) सैल, आणि हायब्रिडमध्ये मुळातच चपळ पॅनलच्या मागे वूफर धापा टाकत पळत असतो, त्याला अजून ढिला करू नका. तेवढ्याच रेझिस्टन्सची एअरकोअर पाहिजे तर काही किलो तांबं लागेल आणि ती ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याजवळ ठेवली तर इंडक्टन्सच बदलेल. वूफरचे १५० वाले कपॅसिटर मोजणीत चांगले आहेत, तरी वय बघता नवीन बायपोलर इलेक्ट्रोलिटिकच टाका, तिथे फिल्मवर पैसे घालायची गरज नाही.

एडिसनकर
ॲम्प कुठला आहे? क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा) असेल तर त्याच्या आउटपुट फिल्टरला असा कपॅसिटिव्ह लोड आवडतो की नाही हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

जवारी
जुना क्लास एबी आहे, २ ओहमला स्टेबल म्हणून लिहिलेलं.

काम पूर्ण केलं. ५० एमएफडीचे चार रन कंडेन्सर, जुळवून जोड्या लावल्या, मूळ बोर्डावर बसतच नव्हते म्हणून १२ एमएमच्या प्लायच्या तुकड्यावर उभे केले, केबल टायने आवळले, खाली फेल्टची पट्टी. ०.३३ ओहम सिरीजमध्ये. १ ओहम नवीन नॉन-इंडक्टिव्ह. वूफरला नवीन बायपोलर. कॉईल तीच. दोन्ही पॅनल ३०० हर्ट्झ ते १६ किलोहर्ट्झ अर्ध्या डीबीच्या आत जुळतायत.

०.३३ शॉर्ट करून पण ऐकलं. पहिल्या क्षणाला जास्त चमकदार वाटतं, पण तानपुऱ्याची जवारी थोडी पत्र्यासारखी होते आणि गळ्यातला स चिरतो. परत लावला. आता खर्जाच्या तारेचा झंकार सुरू होतो आणि विरतो तो पूर्ण ऐकू येतो, डावीकडून उजवीकडे कुठेही रंग बदलत नाही.

खमाज
मी पण मोजलं. माझे भारी फिल्म १०१ आणि ९४ निघाले, म्हणजे तेच जुळलेले नाहीत. बायपास काढला, फरक सापडला नाही. आता ९४ वाल्याला ७ चा जोड देऊ का?

तांब्याची तार
द्या. ५ आणि २ चे पॉलिप्रॉपिलीन समांतर लावा, फॅनचे कंडेन्सर पण चालतील, २.५ आणि ४ असे मिळतात ते मिळून ६.५. आधी फॅनचे मोजून घ्या, नवीन असूनही कमी भरतात कधीकधी. आणि तुमच्यात ०.३३ सारखा रेझिस्टर टाकलेला आहे का ते सांगा, नसेल तर फोटो टाका बोर्डाचा, जागा दाखवतो कुठे बसेल ते.